सोलापुरात अझालिया : एका अंगणातलं भांडण

जुळे सोलापुरात आमच्या शेजारी अण्णा राहतात. साखर कारखान्याच्या शेती खात्यात त्यांची उभी हयात गेली. मोटारसायकलवरून उसाचे प्लॉट बघत फिरायचे. निवृत्त झाल्यावर घरापुढच्या दहा बाय पंचवीस फुटांच्या पट्ट्यालाच ते ‘शेत’ म्हणू लागले. त्यांची सून शिलाँगला वाढलेली. तिचे वडील हवाई दलात होते. सोलापुरात आल्यावर तिनं कशाची तक्रार केली नाही, उन्हाचीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, की दारात अझालिया हवी.

ज्यांनी अझालिया पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे ऱ्होडोडेंड्रॉनच्या वंशातलं झुडूप. उत्तराखंडातला लाल बुरांश याच वंशाचा. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत कुठल्याही उंचीचं मिळतं, आणि फुललं की पान शोधावं लागतं. गुलाबी, पांढरी, शेंदरी, जांभळी, एकाच फुलावर दोन रंगांचे पट्टे असलेली, हजारो वाण आहेत. फोटो बघून कुणालाही हाव सुटावी असंच हे झाड. सूनबाईंना तर ते फोटोतून नाही, लहानपणापासून माहीत.

या मागणीवरून सासरे-सुनेत जे सुरू झालं ते मी चहाच्या निमित्तानं बसून ऐकलं, आणि अधूनमधून त्यात तेलही ओतलं. दोघंही हुशार, दोघंही हट्टी. म्हणून लिहून ठेवतो.

सूनबाई : अण्णा, मी काही जगावेगळं मागत नाहीये. शिलाँगला आमच्या क्वार्टरच्या कुंपणालाच अझालिया होती. तिला कुणी खत घालत नव्हतं, पाणीही घालत नव्हतं. मार्च आला की आपोआप फुलायची.

अण्णा : तिथं आभाळच माळीकाम करतं, पोरी. चेरापुंजी तुमच्या शेजारी. आपल्याकडं वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहर लागली तर. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, ही या शहराची सवय. अझालियाची मुळं केसासारखी बारीक आणि वरच्या चार बोटांतच. एक दिवस कोरड पडली की मान टाकते.

सूनबाई : पाऊस कमी म्हणून आपलं डाळिंब अडलं का? द्राक्ष अडलं का? पंढरपूर, सांगोला, नान्नज, सगळीकडं ठिबकवर बागा उभ्या आहेत. सोलापूरच्या डाळिंबाला जीआय मानांकन आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. हे तुम्हीच मला सांगितलंत. आणि डाळिंब तरी कुठलं इथलं? इराणकडून आलेलं.

अण्णा : पाण्याचं नंतर बोलू. आधी मातीचं बघ. ये इकडं.

अण्णांनी खुरप्यानं अंगणातलं एक ढेकूळ काढलं. वरची माती काळी, खाली वीतभरावर मुरमाची सुरुवात, आणि मध्ये पांढरे खडे. हरभऱ्याएवढे, बोटानं सहज न फुटणारे. त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, हाक मारून लिंबू मागवलं आणि ढेकळावर पिळलं. काळ्या मातीवर थोडा फेस आला. पांढऱ्या खड्यावर मात्र कान जवळ नेला तर चरचर ऐकू येत होती.

अण्णा : ही चुनखड. काळ्या जमिनीचं पीएच आठच्या आसपास. अझालियाला पाहिजे साडेचार ते सहा. आता म्हणशील, आठ आणि सहा यांत फरक तो काय? पीएचचा प्रत्येक अंक दहापटीनं चालतो. आठ ते सहा म्हणजे शंभर पटींचा फरक झाला.

सूनबाई : गंधक घालून आम्लता वाढवता येते. मी वाचलंय.

अण्णा : येते की. हिशोब करू. एक चौरस मीटर जागा, फूटभर खोल. माती झाली साडेतीनशे किलोच्या वर. त्यात पाच टक्के चुना धर. आपल्याकडं तेवढा सहज असतो. म्हणजे अठरा किलो चुना. एक किलो चुना मारायला तीनशे वीस ग्रॅम गंधक लागतं. एका चौरस मीटरला जवळपास सहा किलो गंधक झालं! तेही नुसता चुना संपवायला. आम्लता त्याच्या पुढची. एवढं करून वरून बोअरचं पाणी घालायचं, ज्यानं आपल्या बादलीला पांढरा थर धरतो. म्हणजे दर आठवड्याला नवा चुना.

हा हिशोब मी नंतर कागदावर करून पाहिला. बरोबर आहे. सोलापूर, धाराशिव, विजापूर या पट्ट्यात जमिनीत अझालिया, कॅमेलिया किंवा गार्डेनिया लावून गंधकानं जगवण्याचा बेत कुणाच्या मनात असेल, तर त्यानं आधी हे लिंबू पिळून बघावं. लिंबाचे पाच रुपये जातील, गंधकाचे पाचशे वाचतील.

सूनबाई मात्र हरल्या नाहीत.

सूनबाई : मग जमिनीत नकोच. कुंडीत लावू. कोकोपीट, पानांचं खत आणि थोडी पाइनची सालं; आपल्या मातीचा कणही नको. आणि पाणी बोअरचं नाही, पावसाचं. आपली गच्ची हजार चौरस फुटांची. साडेपाचशे मिलिमीटर पावसात गच्चीवरून चाळीस हजार लिटर पाणी वाहून गटारात जातं. मला चार कुंड्यांना रोज एकेक लिटर, आठ महिने, म्हणजे हजार लिटरची एक टाकी पुरे. उन्हाळ्यात दुप्पट धरा, दोन टाक्या. तुमचा कूलर याच्यापेक्षा जास्त पाणी पितो.

अण्णा गप्प बसले. कूलरचा दाखला त्यांना लागला असावा. खरं सांगायचं तर पाण्याचा मुद्दा इथंच सुनेनं जिंकला. दुष्काळी गावात शोभेचं झाड म्हणजे चैन, असं आपण घाईनं म्हणून टाकतो. पण गच्चीवरचं पाणी साठवणाऱ्या घरानं त्यातलं थोडं फुलाला दिलं तर बोलण्याचा हक्क कुणालाच नाही, निदान ज्याच्या घरी रोज अंगण धुतलं जातं त्याला तर मुळीच नाही.

पण अण्णांच्या भात्यात अजून एक बाण होता.

अण्णा : बरं, पाणी दिलंस, माती दिलीस. मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीस. गच्चीवरच्या काळ्या कुंडीला दुपारी हात लावून बघ. मुळं शिजतात. रात्रीही सिमेंट गरमच. ते झाड रात्रीच्या गारव्यावर जगणारं आहे.

सूनबाई : शेडनेट लावू. मातीची कुंडी घेऊ, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळू. आणि सगळ्याच अझालिया नाजूक नसतात. अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा, लुइझियाना, कॅरोलायना या भागांत रणरणता उन्हाळा असतो. तिथं ‘फॉर्मोसा’, ‘जॉर्ज टेबर’ असे वाण माणसाएवढे उंच वाढतात. चार्ल्सटनजवळच्या मॅग्नोलिया बागेत एकोणिसाव्या शतकापासून आहेत. प्रश्न अझालियाचा नाही, वाणाचा आहे.

हा मुद्दा सगळ्यांत नेटका होता. वाण निवडणं म्हणजे नुसता रंग निवडणं नव्हे, हे तिनं बरोबर पकडलं होतं. बागकामातली निम्मी निराशा झाडाची नसते, वाणाची असते. नर्सरीवाल्याकडं ‘गुलाब द्या’ म्हणून जाणारा माणूस आणि ‘बाजरी द्या’ म्हणून बियाण्याच्या दुकानात जाणारा शेतकरी यांत शेतकरी शहाणा, कारण तो निदान वाणाचं नाव विचारतो.

अण्णांना मात्र अलाबामाची माहिती नव्हती. ती मी पुरवली. (तेल ओतलं म्हणालो ना, ते हे.) अलाबामातल्या मोबील शहरात पाऊस पडतो वर्षाला सोळाशे मिलिमीटरच्या वर, आपल्या तिप्पट. माती आम्ल, पाइनच्या पानांनी झाकलेली. हवा दमट. तिथली उष्णता आणि आपली उष्णता यांचा आकडा जवळ येत असेल, पण झाडाला ती एकसारखी नाही. कोरड्या वाऱ्यात पान जेवढं पाणी सोडतं तेवढं बारीक मुळांना ओढून पुरवता येत नाही. तिथं टिकलेले वाण दमट उष्णतेला टिकलेले आहेत.

अण्णा : आणि थंडी? तिचं काय?

सूनबाई : थंडी कशाला?

अण्णा : द्राक्षाची छाटणी बघितलीस ना? प्रत्येक झाडाचं एक घड्याळ असतं. तुझ्या झाडाचं काय आहे ते काढ वाचून.

तिनं दोन दिवसांनी वाचून काढलं आणि प्रामाणिकपणे येऊन सांगितलं. मला तिच्यातली ही गोष्ट फार आवडते. अझालियाची कळी उन्हाळ्याच्या शेवटी धरते, मग झोपते. ती झोप मोडायला बहुतेक वाणांना चार ते आठ आठवडे गारवा लागतो, दहा अंशांच्या आतबाहेर, सलग. बेल्जियममधलं गेंट शहर अझालियाच्या कुंड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले बागवान कुंड्या शीतगृहात ठेवून ही थंडी मोजून देतात आणि मग हव्या त्या महिन्यात फुलवतात. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीतली एखादी पहाट दहा-बारा अंशांवर उतरते; पण त्याच दिवशी दुपारी पारा तिशीला जातो. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत रात्री स्वेटर घालून फिरणारी माणसं दुपारी उसाच्या रसाच्या गाड्यावर उभी असतात. या थंडीत कळी जागी होत नाही. झाली तर एखाददुसरी, वेडीवाकडी.

सूनबाई : म्हणजे झाड जगवता येईल, पण फुलणार नाही.

काकू : (आतून) मग त्याला फ्रिजात ठेवा की वो! भाजी मी बाहेर काढते.

काकूंच्या या एका वाक्यानं अझालियाचा निकाल लागला. माझाही निकाल तोच आहे, आडपडदा न ठेवता सांगतो: सोलापुरात अझालिया लावू नये. कुठल्याच वाणाची नाही. कोडाईकनाल-उटीहून कुंडी आणली तर तिच्यावर ज्या कळ्या आधीच धरलेल्या असतात तेवढ्या फुलतील, फोटो निघेल, आणि पुढच्या उन्हाळ्यात कुंडी रिकामी होईल.

पण भांडण इथं संपलं नाही. खरं तर रंगतदार भाग यापुढं सुरू झाला. कारण जिंकल्यावर अण्णांना राहवलं नाही.

अण्णा : म्हणून म्हणतो, आपलं गावठी तेच बरं. मोगरा लाव, जास्वंद लाव. हजार वर्षं इथं आहेत, आपोआप येतात.

सूनबाई : आपोआप? अण्णा, तुमच्या मोगऱ्याकडं शेवटचं कधी बघितलंत?

ती त्यांना हाताला धरून कोपऱ्यातल्या मोगऱ्यापाशी घेऊन गेली. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, जाळीसारख्या उठून दिसणाऱ्या. खालची जुनी पानं मात्र हिरवीगार. उसाच्या प्लॉटमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला हे चित्र ओळखायला क्षणही लागत नाही.

अण्णा : केवडा पडलाय.

सूनबाई : हो ना? लोह कमी. मातीत लोह नाही असं नाही, चुन्यानं ते अडवून ठेवलंय. अझालियाला ज्या कारणानं नको म्हणालात त्याच कारणानं तुमचा गावठी मोगरा आजारी आहे. आणि जास्वंद? मूळ कुठली, ते कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मिरची, बटाटा, पेरू, सगळे बाहेरून आलेले. शेंगाचटणीतल्या शेंगासुद्धा दक्षिण अमेरिकेच्या. मला गावठी-परदेशी हा वाद कळतच नाही. टिकतं ते आपलं.

काकू : शेंगाचटणीचं नाव काढू नका. ती आपलीच आहे.

इथं मी सुनेच्या बाजूचा. ‘देशी’ हा शब्द आपण नर्सरीत प्रशस्तिपत्रासारखा वापरतो. पण कोकणातलं देशी झाड सोलापुरात परदेशीच. बकुळ, सुरंगी, सोनचाफा; तिन्ही अस्सल आपली, आणि तिघांनाही आमच्या चुनखडीत आणि कोरड्या वाऱ्यात कष्ट पडतात. उलट अरबस्तान-आफ्रिकेतलं अडेनियम इथं गच्चीवर तळपत्या उन्हात मजेत असतं. पासपोर्ट बघून झाड निवडायचं नसतं.

मोगऱ्याचं म्हणाल तर औषध अण्णांनाच ठाऊक होतं आणि त्यांनी ते त्याच संध्याकाळी केलं: हिराकस पाच ग्रॅम, लिटरभर पाण्यात, वर चार थेंब लिंबू, पानांवर फवारा, उन्हं उतरल्यावर. हिराकस मुळाशी टाकून उपयोग नाही. चुनखडीच्या जमिनीत पडलं की ते तिथंच अडकतं. मातीतून द्यायचंच तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्यावं. दुकानदार ईडीटीए पुढं करतो, पण ते आठच्या पीएचला टिकत नाही. पुडीवर वाचून घ्यावं.

मग अंगणात काय लावायचं याची दोघांनी मिळून यादी काढायला घेतली, आणि पुन्हा भांडली. सुनेला हवा होता अझालियाचा परिणाम: पान झाकून टाकणारा एकजात फुलोरा. मी बोगनवेलीचं नाव काढलं.

सूनबाई : हायवेच्या दुभाजकातली? नको.

अण्णा : दुभाजकात जगते म्हणूनच तर हवी. तिथं टँकर आठवड्यातून एकदा येतो.

हा आक्षेप मी बऱ्याच जणांकडून ऐकतो. दुभाजकात जी असते ती साधी जांभळी-गुलाबी, छाटून छाटून कुंपण झालेली. त्यावरून बोगनवेल ठरवू नये. मूळची ब्राझीलची, १७६०च्या दशकात जगप्रदक्षिणेला निघालेल्या फ्रेंच दर्यावर्दी बूगाँव्हिलच्या नावाची. पण तिच्यावर जेवढं काम भारतात झालं तेवढं फार थोड्या देशांत झालं असेल. बोगनवेलीच्या नव्या वाणांची आंतरराष्ट्रीय नोंद दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत होते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे ‘बेगम सिकंदर’, ‘वाजिद अली शाह’ हे वाण नावासकट रुबाबदार. आणि सुनेला जिंकलं ते ‘मेरी पामर’नं.

‘मेरी पामर’ कोलकात्यात सापडली. दुसऱ्याच एका वाणाच्या वेलीवर एक फांदी वेगळी निघाली. त्या फांदीवर पांढरीही फुलं आणि गुलाबीही, कधी एकाच घोसात दोन्ही. कुणीतरी ती ओळखली, कलम केली, नाव दिलं. पुढं बंगळूरच्या लालबागेत याच वेलीवर पिवळसर-हिरव्या पानांची फांदी निघाली, ती ‘थिम्मा’.

अण्णा : हे आमच्या नान्नजसारखंच झालं की! थॉम्पसन द्राक्षाच्या वेलीवर लांब मण्यांचा घड दिसला, काळे कुटुंबानं तो जपला, आणि ‘सोनाका’ झालं. तासगावचं ‘तास-ए-गणेश’ तसंच. डाळिंबाचा ‘गणेश’ वाणसुद्धा असाच निवडलेला. १९३६ साली पुण्याच्या गणेशखिंड बागेत, फळशास्त्रज्ञ चीमासाहेबांनी, आळंदीच्या डाळिंबातून.

सूनबाई : जपानात कुरुमेच्या लोकांनी अझालियाचं हेच केलं. पिढ्यान्‌पिढ्या निवडत गेले. विल्सन नावाचा इंग्रज संग्राहक १९१८ साली तिथं गेला आणि पन्नास वाण निवडून अमेरिकेत पाठवले. तेच तिकडं पसरले.

अण्णा : मग उत्तर मिळालं तुला. कुरुमेत कुरुमेवाल्यांनी निवडलं, नान्नजला नान्नजवाल्यांनी. अझालियाचं इथं कुणी निवडलंच नाही. सोलापुरात कोरडवाहूचं संशोधन केंद्र १९३३पासून आहे. ते ज्वारी-करडई-तुरीचं बघतं, ते बरोबरच आहे. आपल्याला फुकट मिळतात ते दुसऱ्यांनी दुसऱ्या हवेत निवडलेले वाण. त्यातलं आपल्या हवेच्या जवळचं घ्यायचं.

दोघंही वेगवेगळ्या वाटेनं इथं येऊन पोचली, तेव्हा मला मध्ये बोलायला काही उरलं नाही.

बोगनवेलीच्या वाणांत कुठलं घ्यावं यावर एक संध्याकाळ गेली. ‘महारा’ जातीच्या दुहेरी फुलांचा गेंद दिसतो छान. पण ती वाळली तरी गळत नाहीत, तपकिरी होऊन फांदीवरच राहतात. काकूंनी ‘रोज झाडणार कोण’ विचारून तिला बाद केलं. म्हटलं तर उलट झालं असतं, गळत नाही म्हणून झाडावं कमी लागतं. पण वाळक्या गेंदांची छाटणी करावी लागते, तेही काम काकूंच्याच वाट्याला आलं असतं. ‘थिम्मा’ फुलं नसतानाही शोभते, मात्र चित्रपर्णी वाणाला वाढीचा जोर कमी. भिंत लवकर झाकायची घाई असेल तर नको. शेवटी कंपाउंडला ‘मेरी पामर’ ठरली. बोगनवेलीची एक गंमत सुनेला फार पटली: पाणी जास्त दिलं तर ती पानांतच रमते, फुलवायची तर पाणी तोडायचं, पानं किंचित मलूल झाली की भरपूर द्यायचं. म्हणजे चार-पाच दिवसांआड येणारं नळाचं पाणी हिच्या सोयीचंच.

गच्चीसाठी अडेनियम. इथं अण्णा आडवे आले.

अण्णा : त्याचा चीक विषारी. आफ्रिकेत बाणाला लावतात. घरात लहान पोरगं आहे.

सूनबाई : अझालियाही विषारीच आहे, तेव्हा नाही म्हणालात. कण्हेर आपल्या गेटलाच आहे. कठड्यावर उंच ठेवू, छाटताना हातमोजे घालू.

अडेनियम घेताना काय बघायचं ते ज्यानं त्यानं शिकून घ्यावं असं आहे. नर्सरीत शंभर रंग दिसतात. ते बहुतेक कलमी असतात. बुंध्याच्या वर, फांदी जिथं सुरू होते तिथं कलमाचा तिरपा व्रण दिसतो. त्याच्या खालून फूट आली तर खुडून टाकायची. ती फूट खालच्या रोपाची असते, जोरानं वाढते आणि दोन वर्षांत वरचा महागाचा रंग गिळून साधी गुलाबी फुलं देते. बियांपासून आईचा रंग येत नाही, तेव्हा शेजाऱ्याच्या शेंगेवर भिस्त ठेवू नये. पहिलंच झाड असेल तर एकेरी पाकळीचं घ्यावं; दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची फुलं जड असतात, पावसात गच्च होऊन कुजतात. बुंधा अंगठ्यानं दाबून बघावा. कांद्यासारखा टणक हवा. दबला तर आत कूज आहे, फुकट दिलं तरी आणू नये. थंडीत ते पानं टाकून बसलं की पाणी जवळजवळ बंद करावं. अडेनियम उन्हानं मरत नाही, मायेनं मरतं.

काकूंची अट एकच होती.

काकू : तुमची बोगनवेल, तुमचं ते अडेनियम, यातलं देवाला काय चालतंय? सोमवारी सिद्धरामेश्वराला पांढरं फूल कुठनं आणू?

तेव्हा तगर आली, आणि मोगरा राहिला. मोगऱ्याला मात्र आता जमिनीतून काढून अर्ध्या पिंपात बसवलं आहे. तांबडी माती, शेणखत, कोकोपीट. थंडीत पाणी तोडून, छाटून घेतला की मार्चपासून कळ्या धरतो. बटमोगरा दिसायला गच्च, गजऱ्याला एकेरी बरा; काकूंनी गजऱ्याचा घेतला.

गेटच्या बाहेर, जिथं मुरूम आहे आणि नळी पोचत नाही, तिथं अण्णांनी तरवड लावली. होटगीकडच्या माळावरून शेंगा आणल्या, बी गरम पाण्यात रात्रभर भिजवलं आणि पेरलं. नर्सरीत तरवड मिळत नाही, तिला वाण नाही, नाव नाही. पिवळी धमक फुलं देते. बतुकम्माच्या दिवसांत शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बायका फुलांचा थर रचतात, त्यात तिला पहिला मान असतो. सूनबाईंच्या एका पद्मशाली मैत्रिणीनं आत्ताच सांगून ठेवलंय, की यंदा फुलं तुमच्याकडून नेणार.

सुनेनं आपल्या खिडकीखाली बुटकं शोभेचं डाळिंब लावलं. शेंदरी-लाल फुलं, गोटीएवढी फळं, चुनखडीची पर्वा नाही. अझालियातल्या शेंदरी वाणाच्या रंगाच्या फार जवळ जातं, असं ती म्हणते. मला तेवढं वाटत नाही, पण रंगाच्या बाबतीत मी बोलू नये.

रोपं बहुतेक आंध्रातल्या कडियमकडून ट्रकनं येतात. गोदावरीच्या दमट खोऱ्यात वाढलेली, तांबड्या मातीच्या घट्ट गोळ्यात बांधलेली. तो गोळा तसाच काळ्या जमिनीत पुरला तर भोवतीची माती ओली दिसते आणि गोळा आत कोरडा राहतो. मुळं बाहेर पडतच नाहीत. म्हणून आठवडाभर सावलीत ठेवावं, लावताना गोळ्याच्या कडा बोटांनी मोकळ्या कराव्यात. सोलापुरात ‘झाड लागलं नाही’ म्हणतात त्यातल्या बऱ्याच झाडांचं कारण हे असतं.

आता वाचकांना एवढंच सांगायचंय. नर्सरीत जानेवारीच्या फुलोऱ्यात जाऊ नका. तेव्हा सगळंच सुंदर दिसतं. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमाराला जा. शेडनेटच्या आत काय आहे ते सोडून द्या. बाहेर उन्हात, एका कडेला ठेवलेल्या कुंड्यांतलं काय ताठ उभं आहे ते बघा, वाणाचं नाव विचारा, चिठ्ठीवर लिहून घ्या. लावणी मात्र मृगाचा पहिला चांगला पाऊस जमिनीत मुरल्यावरच करा.